आमवाताचा रिपोर्ट वाचताना



इचोड्यात चार मंडळी जमली की गुडघे, बोटे आणि रिपोर्ट हे विषय निघतातच. आमच्या घरीही आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, काही वर्षांपासून मुक्कामाला आहे. सौभाग्यवतींची फाईल सांभाळताना डॉक्टरांकडून जे समजले, ते येथे देत आहोत.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या तपासण्या मुख्यतः निदानासाठी असतात. बँकेच्या भाषेत, खाते आहे की नाही याचा अंदाज त्या देतात. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह असूनही आमवात नसू शकतो, आणि निगेटिव्ह असूनही असू शकतो.

आजची शिल्लक दाखवतात ईएसआर आणि सीआरपी. तासाभरात नळीत तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या, तो ईएसआर. तो वयाने आणि रक्त कमी असल्यानेही वाढतो, आणि उतरतो सावकाश. सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन; ते लवकर चढते, लवकर उतरते. मात्र जंतुसंसर्ग झाला तरी तेही वाढते.

येथेच आमची फसगत झाली. सीआरपी १८ होता, पुढच्या वेळी दुसऱ्या लॅबमध्ये १.८ आला. आम्ही खूश होऊन डॉक्टरांची भेट लांबणीवर टाकली. बोटे पुन्हा सुजली तेव्हा डॉक्टरांनी दाखवले: पहिला आकडा मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरा प्रति डेसिलिटर. म्हणजे फरक शून्य! जन्मभर ताळेबंद जुळवला, पण एकक पाहिले नाही.

रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आजार शांत, असेही नव्हे. डॉक्टर २८ सांधे तपासतात, रुग्णाला कसे वाटते ते विचारतात आणि त्यात ईएसआर किंवा सीआरपी मिळवून 'डास-२८' हा आकडा काढतात. तो २.६ पेक्षा कमी असेल तर आजार आटोक्यात, ५.१ च्या वर असेल तर जोरात.

म्हणून रिपोर्ट पाहून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही. या आजारात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते; चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. तिच्यासाठी रक्तपेशी व यकृताची तपासणीही वेळच्या वेळी करा.

आदिलाबाद, नांदेड, नागपूर की हैदराबाद, कुठेही दाखवा. जुनी फाईल सोबत न्या, आणि आकड्याशेजारचे एकक आधी वाचा.