घर विकायचं की दांडी बसवायची?

फोन पुण्याहून येतो, कधी हैदराबादहून. "आई-बाबांचं घर एकदा बघून या. विकावं की दुरुस्त करावं, तुम्हीच सांगा." हिंगोली, सेनगाव, औंढा, वसमत, कळमनुरी या भागात बांधकामाची कामं करताना असे फोन आता बारमाही झालेत. फोन करणाऱ्याला एका वाक्यात उत्तर हवं असतं. घरी पोचल्यावर लक्षात येतं की मुलाला काळजी मिटवायची आहे, वडलांना घर सोडायचं नाही आणि आईला कुणी विचारलेलंच नाही.

म्हणून मी आधी आईलाच विचारतो. तेही बैठकीत नाही, परसात. बैठकीत घरधनी बोलतात आणि घराची कीर्ती सांगतात. सेनगावकडच्या एका नऊ खणांच्या वाड्यात असंच झालं. बाबांनी सागवानी तुळया दाखवल्या, बळद दाखवलं, ढाळजेतली कोरीव चौकट दाखवली. आजींना मी एकच विचारलं, "रात्री उठल्यावर कुठं जाता?"

त्यांनी आधी इकडंतिकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "दिवस मावळला की मी पाणीच पेत नाही, बापू."

संडास परसाच्या पार टोकाला होता. स्वच्छ भारतच्या बारा हजारांच्या अनुदानात बांधलेला, इंडियन भांड्याचा, दार जेमतेम दोन फुटांचं. तिथवर जायला दोन पायऱ्या उतरायच्या, मग पावसाळ्यात शेवाळलेली शहाबादी फरशी ओलांडायची. एकदा घसरल्यापासून त्यांनी संध्याकाळचं पाणी सोडलं होतं. पुण्यातल्या मुलाला याचा पत्ता नव्हता, शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या नवऱ्यालाही नव्हता. वाडा विकण्याची घरात महिनोन्महिने चर्चा झाली होती, गिऱ्हाईक येऊन गेलं होतं. पण त्या बाईंची अडचण खाटेपासून संडासापर्यंतच्या अंतराची होती. झोपायच्या खोलीला लागून संडास-बाथरूम झाल्यावर विकण्याचा विषय त्यांनी स्वतःच बंद केला.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. म्हातारपणाच्या घराचा निर्णय खोल्या मोजून करू नये. रात्री दोन वाजता त्या घरात काय करावं लागतं, ते आधी पाहावं.

आमच्याकडं "मोठं घर विकून लहान घ्या" हा सल्ला तसा फारसा लागूही पडत नाही. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती आणि शंभरातले पंच्याऐंशी लोक खेड्यात राहत होते. पुण्यात ‘अथश्री’सारख्या ज्येष्ठांसाठीच्या वसाहती आहेत, लिफ्ट आहे, हाकेच्या अंतरावर डॉक्टर आहे. खेड्यातल्या वाड्याला गिऱ्हाईक भेटतं ते बहुधा भावकीतलं, आणि भाव सांगतं तो नड ओळखून. त्यात गावठाणातल्या घराचा कागद म्हणजे वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८. त्यावर बँक सहसा कर्ज देत नाही. २०२० मध्ये स्वामित्व योजना आली, ड्रोनने मोजणी सुरू झाली आणि मिळकत पत्रिका मिळू लागल्या. ज्यांच्या हातात ती पत्रिका आलीय, त्यांनी ती जपून ठेवावी आणि त्यावरची नावं एकदा नीट वाचून घ्यावीत. त्यातली चूक दुरुस्त करणं मालक हयात असताना सोपं असतं.

मग करायचं काय? मी सुचवतो ते असं: घर आहे तेवढंच राहू द्या, त्यातलं राहणं लहान करा. नऊ खणांपैकी तीन खणांत संसार आणायचा. ढाळजेलगतची खोली झोपायला, तिला चिकटून संडास-बाथरूम, पलीकडं गॅसचा ओटा. माडी बंद. मागचं माजघर बंद, फक्त दिवाळीत आणि लग्नकार्यात उघडायचं. पुढची बाजू निवडायची ती माणसांसाठी. ढाळजेत बसलेल्या माणसाला येणारा-जाणारा दिसतो, दूधवाला दिसतो, आणि सकाळी तिथं कुणी दिसलं नाही तर शेजारी डोकावतो. फ्लॅटमध्ये ही सोय पैसे मोजूनही मिळेलच असं नाही.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात पहिली अडचण हळदीची. वसमत भागातल्या एका घरात बाथरूमला योग्य अशी एकच खोली होती. पाण्याची लाइन जवळ, सांडपाण्याला उतार, झोपायच्या खोलीला सामाईक भिंत. आणि ती खोली हळदीच्या पोत्यांनी छतापर्यंत भरलेली. भाव चढेल म्हणून काकांनी ठेवलेली. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचंही त्यांना मोठं कौतुक होतं. मी बाथरूमचं बोलायचो, ते हिंगोलीच्या बाजारातला त्या दिवशीचा भाव सांगायचे. मुलगा चिडायचा. मला मात्र काकांचं म्हणणं पटत होतं. ज्या माणसाने आयुष्यभर फेब्रुवारी-मार्चात हळद शिजवली, वाळवली, पॉलिश केली, त्याच्याकडून शेवटची पोती काढून घेणं म्हणजे त्याला शेतकरी म्हणून निवृत्त करणं. शेवटी त्यांच्या सुनेने मार्ग काढला. पोती बंद माजघरात हलवायची, खाली लाकडी पाट टाकायचे, किल्ली मामंजींच्या कमरेला. जागा बदलली, कारभार त्यांचाच राहिला. काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं.

दुसरी अडचण पायऱ्यांऐवजीच्या उताराची. त्याचं नाव काढलं की पुरुषमंडळी बिथरतात. औंढ्याजवळच्या एका गावात ओटा जमिनीपासून दीड फूट उंच होता. गृहस्थांचे गुडघे गेलेले, तरी ते म्हणाले, "दारात उतार केला की गाव म्हणंल, म्हातारा गेला कामातून. मपल्या घराचा दवाखाना नका करू." नियमाप्रमाणे एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार लागतो, म्हणजे इथं अठरा फूट. तो दारासमोर सरळ काढला असता तर खरंच दवाखान्याचा दिसला असता. आम्ही तो भिंतीच्या कडेने घेतला, तुळशीला वळसा घालून, ओट्याच्याच दगडात. मग त्यांनीच गावाला सांगायचं कारण शोधलं: नातवाची स्कूटी वर चढवायला केलाय. आज त्या उतारावरून काठी टेकत ते स्वतः उतरतात. मला त्यात खोटं काही वाटत नाही. माणसाला ज्या नावाने मदत घेता येते, त्या नावाने ती द्यावी.

मिस्त्रींच्या बाजूचीही एक गोष्ट सांगतो, कारण ती घरमालकांना कुणी सांगत नाही. आधारासाठी स्टीलची दांडी बसवायची म्हणजे दुकानातून आणून दोन स्क्रू मारायचे, असा समज आहे. मातीच्या भिंतीत ते स्क्रू टिकत नाहीत. बसवलेल्या दिवशी दांडी घट्ट वाटते, आणि ज्या दिवशी म्हातारं माणूस सगळं वजन टाकतं त्याच दिवशी ती ढेपळासकट हातात येते. नसलेल्या दांडीपेक्षा ही जास्त घातकी, कारण तिच्यावर विश्वास ठेवलेला असतो. आम्ही मातीच्या भिंतीला आतून विटांचा पडदा उभारतो, किंवा दांडीचा एक पाय थेट जमिनीतल्या काँक्रीटमध्ये गाडतो. मग टीममधला सगळ्यात जड माणूस तिला लोंबकळतो. त्याशिवाय काम संपलं असं मी म्हणत नाही. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं हवं. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं. कडी अशी हवी की बाहेरूनही काढता येईल. आणि गावात नळ रोज येत नाही, त्यामुळं फ्लशच्या टाकीवर भिस्त ठेवायची नाही; कमोडशेजारी कट्ट्यावर तोटीचं पिंप ठेवायचं, म्हणजे वाकून बादली उचलावी लागत नाही.

आता या सगळ्याच्या उलट बाजूकडं येतो. २१ मार्च २०२४ ला पहाटे सहाच्या पुढं कळमनुरी भागात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, पाठोपाठ दुसरा धक्का बसला. १० जुलैला पुन्हा ४.५, केंद्र रामेश्वर तांड्याच्या परिसरात. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेकडच्या लोकांना जमिनीतले गूढ आवाज नवे नव्हते, पण या दोन सकाळींनी सगळा जिल्हा घराबाहेर आला. पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या, असं प्रशासनाने सांगितलं. माझा फोन त्या आठवड्यात थांबला नाही. मुलं गाड्या घेऊन आली आणि आई-वडलांना घेऊन गेली; त्यातले बरेच पोळ्याच्या आत परत आले.

परत आलेल्यांच्या सगळ्याच घरांना मी हो म्हटलं, असं मात्र नाही. माळवद, म्हणजे मातीचं छत, उन्हाळ्यात थंड, हे खरं. पण गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडतो. बापाने टाकला, मुलाने टाकला, थर वाढत जातो आणि खालच्या भिंती तेवढ्याच जुन्या राहतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत झोपेतली हजारो माणसं गेली ती अशाच दगड-मातीच्या भिंती आणि जड छपरांखाली. कळमनुरीकडच्या एका घराची मागची भिंत फुगून बाहेर आली होती. माउली घर सोडायला तयार नव्हत्या. दर एकादशीला नर्सीला दर्शनाला जायचं, ते चुकू नये एवढीच त्यांची अट. तिथं मी दांडीचं, उताराचं नावही काढलं नाही. माती उतरवा, भिंत पाडा, नाहीतर इथं झोपू नका, एवढंच सांगितलं. त्याच जागेच्या कोपऱ्यात हलक्या छपराच्या दोन खोल्या झाल्या, पत्रे हुकने आवळून, खाली ऊन अडवणारं सिलिंग लावून. त्यांची एकादशी चुकली नाही.

एका जोडप्याला मी पुण्याला जाच म्हटलं. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, घर फाट्यापासून आत, ओढ्याला पूर आला की रस्ता बंद. तिथं बाथरूमला हात लावण्यात अर्थ नव्हता. घर विकू नका, कुलूप लावा आणि किल्ली पुतण्याकडं द्या, एवढं सांगितलं. जाणं झेपतं की नाही हे एक पावसाळा राहून पाहिल्यावरच कळतं, आणि विकलेलं घर परत मिळत नाही.

काम संपलं की चहा घेताना बरेचदा पुढचा विषय निघतो: "घर आता पोराच्या नावावर करून टाकू का?" महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क अवघं दोनशे रुपये आहे, त्यामुळं हात पटकन पुढं जातो. मी वकील नाही, पण मी थांबवतो. मृत्युपत्र बदलता येतं, बक्षीसपत्र सहसा फिरवता येत नाही. द्यायचंच असेल तर आमचा सांभाळ करायचा आणि आम्ही हयातभर याच घरात राहणार, ही अट त्याच कागदात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे ती अट मोडली तर व्यवहार रद्द करून मागता येतो, त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणाकडं जायचं असतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका आईला तिची मालमत्ता परत मिळवून दिली. मुलगा चांगला आहे, असं प्रत्येक जण सांगतो. बहुतेक वेळा तो असतोही. चांगल्या मुलाला त्या अटीचा त्रास होत नाही.

सध्या हिंगोलीत एका मास्तरांचं घर बांधतोय. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. नकाशात त्यांची झोपायची खोली वरच्या मजल्यावर होती, हवेशीर म्हणून. मी खाली एक खोली मागितली, तीन फुटांचं दार मागितलं, उंबरठा जमिनीत बुडवायला सांगितला. "आत्ताच कामून? धडधाकट आहे मी," ते म्हणाले. गुरुजी, धडधाकट आहात म्हणूनच, म्हटलं. घरात फिरून स्वतः जागा निवडताय तोवर निवडा. बाईंनी खालच्या खोलीला लगेच होकार दिला, त्यांचे गुडघे आधीच बोलायला लागले होते. कमोडला गुरुजींचा नकार कायम राहिला. मग आम्ही खोलीच्या कोपऱ्यात जमिनीखालून पाइप टाकून ठेवला, तोंड बंद केलं, वर फरशी बसवली आणि जागेचं माप नकाशावर लिहून दिलं. त्याचा वाढीव खर्च एका दाराच्या किमतीइतकाही झाला नाही.