जखमेची साक्ष

दुचाकींनीं गजबजलेल्या आमच्या पुणें शहरांत अपघात घडून भरपाईचा दावा शिवाजीनगरच्या न्यायालयांत गेला, कीं विमा कंपनीच्या बाजूनें पुष्कळदां विचारणा होते : स्वारानें हेल्मेट घातलें होतें काय? प्रश्न रास्त आहे. पण ज्याचा पायच मोडला, त्याला तो कशासाठीं? इजा कशी झाली हें शरीरास यंत्रशास्त्राचे नियम लावून सांगणारें शास्त्र म्हणजे जैवयांत्रिकी.

समजा, डोकें दीड मीटरावरून रस्त्यावर आपटून ३ मिलिमीटरांत थांबलें. तर त्यास रोखणारें बल त्याच्या वजनाच्या सुमारें ५०० पट होतें. हेल्मेटांतील थर्माकोलचा थर ३ सेंटिमीटर चेपला, तर तेंच ५० पटींवर उतरतें. पायाची कथा निराळी. मोटारीच्या बंपरानें नडगी वांकते. हाड ताणापुढें दुबळें, म्हणून तें आघाताच्या विरुद्ध बाजूस प्रथम तडकतें, आणि कित्येकदां पाचरीसारखा तुकडा सुटतो. पाचरीचा रुंद पाया बहुधा आघाताच्या बाजूस असतो. चालकानें ब्रेक दाबला असेल, तर मोटारीचें नाक झुकतें व हाडही कांहींसें खालीं मोडतें. केवढें बोलकें हें हाड!

न्यायासही असेंच कारण लागतें. एका मोटारसायकलीवर तिघे होते, एवढ्यावरूनच भरपाई कापतां येत नाहीं. नियमभंगाचा अपघाताशीं अथवा इजेशीं संबंध सिद्ध झाला पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ठरविलें. तेव्हां डॉक्टरांनीं दाखल्यांत केवळ ‘नडगी मोडली’ असें लिहून भागत नाहीं. टाचेपासूनची उंची व पाचरीची दिशाही नोंदावयास हवी.