नांदता गड पन्हाळा : हिवाळ्यातील दोन दिवस

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस हे महाराष्ट्रातील गडकोट पाहण्याचे उत्तम दिवस होत. पावसाळ्यातील निसरडे शेवाळ वाळलेले असते, उन्हाचा ताप नसतो आणि हवा निवळलेली असल्याने दूरवरचा मुलूख स्पष्ट दिसतो. याच सुमारास शाळांच्या सहली निघतात, नोकरदार मंडळी शनिवार-रविवार जोडून कुटुंबासह बाहेर पडतात. कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटर अंतरावर, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून अधिक उंचीवर वसलेला पन्हाळा हे अशा प्रवाशांचे जुने आवडते ठिकाण आहे. परंतु अंबाबाई आणि जोतिबाचे दर्शन आटोपून परतीच्या वाटेवर दोन तास पन्हाळ्यास द्यावयाचे, तटावर उभे राहून छायाचित्र काढावयाचे आणि दिवेलागणीपूर्वी गड उतरावयाचा, अशीच बहुतेकांची रीत असते. या रीतीने पन्हाळा दिसतो. पण समजत नाही. त्यासाठी गडावर निदान एक रात्र मुक्काम करणे इष्ट आहे.

गड आणि गाव एकच

महाराष्ट्रातील बहुसंख्य किल्ले आज निर्जन आहेत. पन्हाळा मात्र नांदता गड आहे. तो तालुक्याचे मुख्य ठिकाण असून त्याला स्वतःची नगरपरिषद आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गावाची लोकसंख्या अवघी तीन हजारांच्या आसपास होती. म्हणजेच एखाद्या मध्यम खेड्याएवढ्या वस्तीवर सात किलोमीटरांहून अधिक लांबीच्या तटबंदीची, कोठारांची, तळ्यांची आणि वर्षभर येणाऱ्या प्रवाशांची जबाबदारी आहे.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील असून बारावा तमिळनाडूतील जिंजी होय. या बारांमध्ये पन्हाळा आहे. रायगड, राजगड किंवा साल्हेरच्या माथ्यावर आज गाव नाही. येथे मात्र जागतिक वारशाच्या आत लोकांची घरे, शाळा, कचेऱ्या आणि बाजार आहे. पन्हाळ्याचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

आठशे वर्षांचा राबता

शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस हा गड बांधला. पुढे तो यादव, बहामनी आणि विजापूरची आदिलशाही यांच्याकडे गेला. आज दिसणाऱ्या इमारतींपैकी बऱ्याचशा आदिलशाही अमदानीतील आहेत. अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी, शिवाजी महाराजांनी पन्हाळा जिंकला. पुढच्याच वर्षी सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. तो मार्च ते जुलै असा सुमारे चार महिने चालला. १२ जुलै १६६० च्या रात्री भर पावसात महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले. त्यांच्यासाठी शिवा काशीद यांनी आणि घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी प्राण वेचले. त्यानंतर गड आदिलशहाच्या ताब्यात गेला. ६ मार्च १६७३ रोजी कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या साठ माणसांनिशी तो पुन्हा स्वराज्यात आणला.

१७०१ साली औरंगजेबाने गड घेतला, तेव्हा इंग्लंडच्या राजाचा वकील सर विल्यम नॉरिस त्याला येथेच छावणीत भेटला होता. महाराणी ताराबाईंच्या काळात पन्हाळा ही करवीर राज्याची राजधानी झाली आणि १७८२ साली राजधानी कोल्हापूरला हलेपर्यंत ते स्थान टिकले. कवी मोरोपंत यांचा जन्म १७२९ साली याच गडावर झाला. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावात इंग्रजांनी तोफांनी तट फोडून गड घेतला आणि त्यानंतर मुख्य चार दरवाजा पाडून टाकला. आज मोटारीचा रस्ता गावात शिरतो तो याच पाडलेल्या दरवाज्याच्या जागेवरून.

पहिला दिवस : पाणी आणि धान्य

गड किती दिवस झुंजू शकेल, हे तटाच्या जाडीइतकेच आतील पाण्यावर आणि धान्यावर अवलंबून असे. कुटुंबातील मुलांना किंवा शाळेतील विद्यार्थ्यांना पन्हाळा दाखविताना हे एक सूत्र धरले, की विखुरलेल्या वास्तूंची संगती आपोआप लागते.

सकाळी प्रथम अंधारबाव पाहावी. बाहेरून ही तीन मजली साधी इमारत वाटते. प्रत्यक्षात तिच्या पोटात विहीर दडविलेली आहे. वेढा घालणारा शत्रू पाण्यात विष कालविण्याचा प्रयत्न करील, ही भीती त्या काळी खरी होती. म्हणून पाण्यावर इमारत, इमारतीत पहारेकऱ्यांसाठी कोनाडे आणि तटाबाहेर पडण्यास गुप्त वाट, अशी योजना येथे केलेली आढळते. वळणाच्या पायऱ्या उतरताना हवेतील गारवा एकदम वाढतो आणि ‘अंधारबाव’ हे नाव सार्थ वाटू लागते. जवळच तीन दरवाजा आहे. एकामागून एक येणारे दरवाजे, मधला चौक, कोरीव कमानी आणि फारसी शिलालेख यांमुळे गडावरील ही सर्वांत देखणी वास्तू ठरली आहे. पहिला दरवाजा फोडून आत शिरलेला शत्रू मधल्या चौकात कसा कोंडला जाई, हे मुलांना चौकात उभे करूनच समजावून द्यावे.

दुपारी पिठले-भाकरी आणि दही असे जेवण गडावर मिळते. त्यानंतर अंबरखाना पाहावा. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी येथील तीन कोठारांची नावे. त्यांतील गंगा कोठी सर्वांत मोठी. तिची उंची दहा मीटरांहून अधिक असून तिच्यात पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. दोन्ही अंगांनी छतावर जाण्यास जिने आहेत आणि छताला चौकोनी झरोके ठेवलेले आहेत. धान्य वरून ओतावयाचे आणि खालून काढावयाचे, अशी ही सोय. भात, नाचणी आणि वरई ही येथे साठविली जाणारी धान्ये. ती आजही याच डोंगराळ पट्ट्यात पिकतात. कोठारात कोणते धान्य साठवीत, हे त्या मुलखाच्या शेतीने ठरविले होते, हा धडा पुस्तकापेक्षा येथे अधिक चांगला कळतो.

मावळतीला गडाच्या पश्चिम अंगास जावे. समोर मसाईचे विस्तीर्ण पठार पसरलेले दिसते. महाराज त्या रात्री याच दिशेने गेले. पठारावरील गवत हिवाळ्यात पिवळे पडलेले असते आणि वारा झोंबरा असतो. मुलांच्या अंगावर स्वेटर असला, तरी त्या पावसाळी रात्रीची कल्पना त्यांना येथे करता येते.

दुसरा दिवस : मुलूख आणि माणसे

दुसऱ्या दिवशी पहाटे लवकर उठून गडाच्या पूर्व कडेवरील सज्जा कोठी गाठावी. संभाजी महाराजांचे वास्तव्य येथे होते, अशी परंपरा आहे. १६८० च्या प्रारंभी शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज यांची भेट पन्हाळ्यावर झाली. ती पितापुत्रांची अखेरची भेट ठरली. कोठीच्या सज्जातून खाली पाहिले, की सकाळच्या धुक्यातून उसाचे मळे आणि वाड्यावस्त्या हळूहळू वर येतात. हिवाळा हा ऊस-गाळपाचा हंगाम असल्याने गुऱ्हाळांचा धूरही अधूनमधून दिसतो. परतीच्या वाटेवर एखाद्या गुऱ्हाळावर थांबून काहिलीतील रसाचा गूळ कसा होतो, हे पाहण्यासारखे असते. गडाला धान्य, माणसे आणि वैरण याच मुलखातून येत असे.

त्यानंतर सोमाळे तळे, सादोबा तलाव, रामचंद्रपंत अमात्यांची समाधी, शिवमंदिर आणि ताराराणींचा वाडा ही ठिकाणे पायी फिरून पाहता येतात. पायी फिरण्याचा लाभ असा, की वाटेत गावही पाहावयास मिळते. दुकाने उघडत असतात, मुले शाळेच्या मैदानावर खेळत असतात, बुरुजाच्या सावलीत कोणी वाळवण घातलेले असते. मुक्कामी पाहुण्याशी चार शब्द बोलावयास येथील वडीलधाऱ्यांना वेळ असतो. गडाच्या कथा त्यांच्या तोंडून ऐकाव्यात. त्यांतील इतिहास कोणता आणि आख्यायिका कोणती, हे घरी आल्यावर मुलांसह पडताळून पाहावे.

आजचा वेढा

जुन्या काळी गडाचा टिकाव पाणी, धान्य आणि वाट यांवर अवलंबून होता. आज वेढा घालणारे सैन्य नाही. तथापि गावाच्या टिकावाचे प्रश्न फारसे बदललेले नाहीत.

पहिला प्रश्न वाटेचा. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडावर येणारा मुख्य रस्ता खचला आणि वाहनांची ये-जा दीर्घकाळ बंद राहिली. प्रवासी थांबले, की खानावळवाला, घोडेवाला आणि लहान दुकानदार या सर्वांचे हात थांबतात. पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा थर आहे. त्यातून पाणी मुरते आणि उतारावर येते. म्हणून उतारावरील झाडी राखणे आणि पाण्याचे नैसर्गिक निचऱ्याचे मार्ग मोकळे ठेवणे, हे येथे रस्त्याच्या दुरुस्तीइतकेच महत्त्वाचे काम आहे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस पडतो. पण उंच माथ्यावर तो साठवून ठेवणे सोपे नसते. जुन्या राज्यकर्त्यांनी तळी आणि विहिरी बांधल्या त्या याच कारणाने. त्या तळ्यांत प्लास्टिकच्या बाटल्या टाकणारा प्रवासी नकळत गडाच्या पाण्याचीच नासाडी करतो.

तिसरा प्रश्न घरांचा. पन्हाळा हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या सुधारणेनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतच्या क्षेत्रात नवीन बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत बांधकामाचे नियमन होते. मनाई क्षेत्रातील जुन्या घराची दुरुस्ती मात्र सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घेऊन करता येते. स्मारकाची नासधूस किंवा विद्रूपीकरण करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे नियम वारशाच्या रक्षणासाठी आवश्यक आहेत. परंतु पिढ्यान्‌पिढ्या गडावर राहणाऱ्या कुटुंबाला गळके छप्पर शाकारण्यासाठी कोणाकडे अर्ज करावयाचा हे ठाऊक नसेल, तर तोच नियम त्याला जाच वाटू लागतो. मग जागतिक वारशाच्या घोषणेनेही त्याला आनंदाऐवजी धास्ती वाटली, तर नवल नाही. संबंधित अधिकाऱ्यांनी कोणते काम करता येते, कोणते येत नाही आणि परवानगीची रीत काय, हे सोप्या मराठीत गावकऱ्यांपुढे ठेवले, तर निम्मी धास्ती दूर होईल. ज्यांनी गड नांदता ठेवला, त्यांच्या सहकार्याशिवाय तो राखता येणार नाही.

प्रत्येकाचा वाटा

प्रवाशांनी शक्य तर एक रात्र गडावर काढावी. त्यांच्या मुक्कामाचा पैसा गावात राहतो आणि दोन तासांच्या घाईत होणारी वाहनांची कोंडीही कमी होते. कोल्हापूरहून एसटीने येता येत असल्याने प्रत्येक कुटुंबाने मोटार वर आणलीच पाहिजे, असेही नाही. तटावर चढू नये, भिंतीवर नावे कोरू नयेत, कचरा पिशवीत भरून बरोबर न्यावा.

शिक्षकांनी सहलीपूर्वी वर्गात गडाचा नकाशा काढून घ्यावा आणि प्रत्येक गटास एक प्रश्न नेमून द्यावा. पाणी कोठून येत होते? धान्य किती दिवस पुरले असते? शत्रू कोणत्या बाजूने आला असता? असे प्रश्न घेऊन गेलेली मुले गड पाहून येतात. प्रश्नांविना गेलेली मुले केवळ फिरून येतात.

पायथ्याच्या आणि परिसरातील पंचायतींनाही येथे संधी आहे. मसाई पठार, पावनगड, जोतिबा आणि गुऱ्हाळे यांची माहिती देणारे स्थानिक वाटाडे, घरगुती निवास आणि स्वच्छ स्वच्छतागृहे एवढ्या तीन सोयी झाल्या, तरी प्रवासी गडावर न दाटता मुलखात विखुरतील आणि उत्पन्नही अधिक गावांत पोहोचेल.

रविवारी दुपारी गड उतरताना, वाघबीळच्या वळणावर पोहोचल्यावर, एकदा मागे वळून पाहावे. वर तट दिसतो आणि तटाच्या आत घरे. पन्हाळ्याने आठशे वर्षांत अनेक सत्तांतरे पाहिली. तरीही तेथे आज संध्याकाळी चूल पेटते. ती तशीच पेटती राहावी, यासाठी तट आणि घर या दोहोंची निगा राखणे, हेच जागतिक वारशाच्या मानाचे खरे सार्थक होय.