जुन्या संगणकाचा कोणता भाग बदलावा?

घरांतील संगणक सहा-सात वर्षांचा झाला, कीं त्यावर खेळ खेळणारा मुलगा एक मागणी पुढें करूं लागतो. नवा खेळ अडखळत चालतो, चित्र मध्येंच थबकतें, आणि मुलाचें निदान तयार असतें : नवें ग्राफिक्स कार्ड पाहिजे. खेळाच्या संगणकांत ही बहुधा सर्वांत महाग वस्तु. ठराविक पगाराच्या घरांत ती एका महिन्याच्या शिलकींतून येत नाहीं. तेव्हां पैसे मोजण्यापूर्वीं तें निदान तपासून पाहणें भाग आहे, आणि त्यासाठीं संगणकशास्त्राची पदवी लागत नाहीं.

पडद्यावरील हालचाल म्हणजे एकामागून एक दाखविलेल्या स्थिर चित्रांची मालिका होय. सेकंदाला ६० चित्रें उमटलीं, तर ती बहुतेकांच्या डोळ्यांस सलग वाटते. म्हणजे प्रत्येक चित्राच्या वाट्यास सुमारें १६.७ सहस्रांश सेकंद येतात. शत्रु कोणत्या दिशेस वळला, भिंत आड आली किंवा नाहीं, हा हिशेब प्रोसेसर करतो. आणि त्या हिशेबाबरहुकूम पडद्यावरील ठिपक्याठिपक्यांत रंग भरण्याचें काम ग्राफिक्स कार्ड करतें. स्वयंपाकघरांत एकीनें पोळ्या लाटाव्या व दुसरीनें भाजाव्या, तसाच हा प्रकार आहे. लाटणारीचा हात सावकाश चालत असेल, तर भाजणारीस मोठा तवा आणून दिल्यानें पोळ्या अधिक होत नाहींत. तवा मात्र रिकामा तापत राहतो.

कोण कोणासाठीं खोळंबलें आहे, हें ओळखण्याची परीक्षा फुकट आहे. नेहमींच्या पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. खेळाच्या सेटिंगमध्यें हें प्रमाण १,२८० गुणिले ७२० वर आणावें. ठिपके ९,२१,६०० उरतात, निम्म्याहूनही कमी. कार्डाचा भार हलका झाला, प्रोसेसरचा जवळजवळ पूर्वींइतकाच राहिला. आतां सेकंदाला उमटणारीं चित्रें चांगलीं वाढलीं, तर अडथळा कार्डाचा होता. तीं होतीं तेवढींच राहिलीं, तर नवें कार्ड आणूनही फारसा उपयोग व्हावयाचा नाहीं. मात्र खेळांत जेथें गर्दी व धुमश्चक्री असते तेथेंच ही परीक्षा घ्यावी. ओसाड माळरानावर सर्वच संगणक हुषार दिसतात.

उदाहरणादाखल २०१७ सालीं जुळविलेला एक संगणक घ्यावा : रायझन ५ १६०० हा प्रोसेसर, जीटीएक्स १०६० हें कार्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी आणि फिरती हार्ड डिस्क. अशा यंत्रांत पहिला संशय रॅमवर घ्यावा. आजच्या अनेक मोठ्या खेळांस ८ जीबी अपुरी पडते. रॅम भरली, कीं उरलेला ऐवज डिस्कवर ठेवावा लागतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कच्या एका फेऱ्यास ८.३ सहस्रांश सेकंद लागतात, आणि हवा तो मजकूर सुईखालीं येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो. सुई जागेवर नेण्याचा वेळ त्याखेरीज. असा शोध दोनतीनदां घडला, कीं एका चित्राचा सगळा वेळ खर्ची पडला. चित्र थबकतें तें येथें. शिवाय त्या मदरबोर्डावर रॅमकडे जाणारे दोन मार्ग असतात, आणि पट्टी एकच असल्यास दुसरा ओस पडतो. तेव्हां जुनी पट्टी न टाकतां तिच्या जोडीची दुसरी बसवावी. २०२५ च्या उत्तरार्धांत रॅमच्या किंमती फार चढल्या, म्हणून लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत वापरलेली पट्टी शोधण्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.

डिस्कच्या जागीं एसएसडी घातल्यास खेळ लवकर उघडतो. चित्रांची संख्या मात्र त्यानें सहसा वाढत नाहीं.

प्रोसेसरच्या बाबतींत या संगणकाचें दैव चांगलें. त्याच्या एएम४ सॉकेटमध्यें एप्रिल २०२२ मध्यें आलेला रायझन ५ ५६०० बहुधा बसतो. मदरबोर्ड व रॅम बदलावी लागत नाहीं. फक्त जुना प्रोसेसर जागेवर असतांनाच मदरबोर्डाची बायॉस अद्ययावत् करून घ्यावी, आणि वीज जाण्याचा संभव असेल अशा वेळीं तें काम काढूं नये. इंटेलच्या घरीं इतकी सोय नाहीं. २०२० मध्यें एक सॉकेट आला, २०२१ मध्यें दुसरा. तेथें प्रोसेसर बदलणें म्हणजे पुष्कळदां मदरबोर्डही बदलणें.

परीक्षेअंतीं कार्डच दोषी ठरलें, तरी स्वस्त म्हणून कोणतेंही आणूं नये. जानेवारी २०२२ मध्यें आलेलें आरएक्स ६५०० एक्सटी हें कार्ड अल्पखर्ची लोकांसाठींच काढलेलें होतें. परंतु त्यास मदरबोर्डाशीं बोलण्यास चारच वाटा आणि स्वतःची स्मृति अवघी ४ जीबी. नव्या मदरबोर्डावर या वाटा रुंद असल्यानें निभावून जातें. २०१७ च्या मदरबोर्डावर त्या निम्म्या वेगाच्या, आणि स्मृति अपुरी पडतांच कार्ड पांगळें होतें. ज्याचा मदरबोर्ड जुना त्याच्यासाठीं कार्ड काढावें, आणि त्याच्याच घरीं तें कमी चालावें, असा हा मामला!

उलटपक्षीं, डिसेंबर २०२४ मधील इंडियाना जोन्सचा खेळ व मे २०२५ मधील डूम : द डार्क एजेस हे दोन्ही, प्रकाशकिरणांची गणना करणारें स्वतंत्र साधन कार्डांत असल्यावांचून चालत नाहींत. १०६० मध्यें तें नाहीं. तेथें सेटिंग कितीही उतरविलें तरी उपाय चालत नाहीं. ८ जीबी स्मृतीचें आरएक्स ६६०० हें त्यांच्या किमान अपेक्षेंत बसतें. तें १३२ वॅट वीज घेतें, १०६० ला १२० लागत. त्यामुळें एसएमपीएस सुस्थितींत असल्यास सहसा तोच पुरतो. याहून बलाढ्य कार्डें २०० ते ३०० वॅट मागतात, आणि मग एसएमपीएसचा खर्च कार्डाच्या किंमतींत मिळवूनच हिशेब करावा लागतो.

एवढें झाल्यावर मॉनिटरकडेही एकदां पाहावें. तो सेकंदाला ६० वेळांच चित्र बदलणारा असेल, आणि संगणक आज ६० चित्रें न अडखळतां काढीत असेल, तर १२० चित्रें काढणारें कार्ड आणल्यानें हात किंचित् चपळ चालल्यासारखा वाटेल. पडद्यावर पूर्ण चित्रें साठच दिसतील.