माहिती गोळा करण्यात येत आहे

विधानसभेच्या अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की सरकारी कचेऱ्यांतून एक निराळीच लगबग सुरू होते. एरवी ज्या फाईलीवर धुळीचा थर साचलेला असतो, ती फाईल अकस्मात चालू लागते. संचालक उपसंचालकाला बोलावतो, उपसंचालक मामलेदाराला दूरध्वनी करतो आणि मामलेदार तलाठ्याला समोर उभा करतो. कुणा आमदाराने तारांकित प्रश्न टाकलेला असतो: अमुक रस्त्यावर तीन वर्षांत किती खर्च झाला, काम कुणाला दिले, निविदा मागवली होती काय, नसल्यास का नाही. गावच्या पंचाने सात वेळा अर्ज करूनही जे कळले नाही, ते या चार ओळींमुळे कागदावर येते. निदान यावे, अशी अपेक्षा असते.

‘यावे’ असे आम्ही जपून म्हणतो. प्रश्नोत्तरांच्या याद्या वर्षानुवर्षे चाळताना काही वाक्ये इतकी परिचयाची झाली आहेत, की पान उलटण्याआधीच ती डोळ्यांपुढे उभी राहतात. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे.’ ‘प्रकरण विचाराधीन आहे.’ ‘प्रश्न उद्भवत नाही.’ पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचणाऱ्या रस्त्याविषयी प्रश्नच उद्भवत नाही, असे लेखी कळवणाऱ्या खात्याच्या धैर्याचे कौतुकच करावयास हवे.

प्रश्न विचारण्याचा हा हक्क आपल्याला फुकट मिळालेला नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात १८९२ च्या कायद्याने कायदेकौन्सिलातील सभासदांना प्रथमच सरकारला प्रश्न करण्याची मुभा मिळाली. वरिष्ठ कौन्सिलातला पहिला प्रश्न १८९३ साली भिंग्याच्या राजांनी विचारला आणि त्याचा विषय मोठा बोलका होता. साहेबांची स्वारी दौऱ्यावर निघाली की तळावर रसद पुरवताना गावच्या दुकानदारांचे जे हाल होत, त्यांविषयी तो होता. म्हणजे या देशातील संसदीय प्रश्नांची सुरुवातच सरकारी दौऱ्याच्या खर्चाचा भार कोण वाहतो, या विचारणेने झाली. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, दौरे चालूच आहेत. त्या काळी उत्तर मिळाले की विषय संपला. त्यावर पुरवणी प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. ती १९०९ च्या कायद्याने आली, तीही केवळ मूळ प्रश्नकर्त्यापुरती.

तेवढ्याशा अधिकारात नामदार गोखल्यांनी काय करून दाखवले, हे आजच्या आमदारांनी जरूर अभ्यासावे. २६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी सरकारच्या शिलकीलाच हात घातला. दुष्काळाने पिचलेल्या देशात सरकारच्या तिजोरीत शिल्लक राहते, ती लोकांची भरभराट झाल्यामुळे नव्हे, तर त्यांच्यावर गरजेपेक्षा अधिक कर बसवल्यामुळे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी सिद्ध केले. अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार त्या सभागृहाला नव्हता. पण पुढच्याच वर्षी मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. हे एका भाषणाचे फळ होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु मत नसलेल्या माणसाचा अभ्यासही सरकारला ऐकून घ्यावा लागतो, एवढे मात्र त्यातून दिसले.

आमच्या गोमंतकात तर तेवढेही नव्हते. सालाझारच्या राजवटीत वर्तमानपत्राचा मजकूर सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्याविना छापता येत नसे. राज्यकर्त्यांना खर्चाचा जाब विचारण्याची गोष्ट दूरच. फेब्रुवारी १९५४ मध्ये म्हापशाचे शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी एका मेजवानीत, गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याच्या उद्गारावर ‘माझा निषेध आहे’ एवढेच शब्द उच्चारले. तेवढ्यासाठी त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला नेण्यात आले. मुक्तीनंतर १९६२ साली हेच डॉक्टर गोव्याचे नामनियुक्त प्रतिनिधी म्हणून लोकसभेत बसले. ज्या माणसाला जेवणाच्या टेबलावर हरकत घेता येत नव्हती, त्याला मंत्र्यांना प्रश्न विचारण्याचा घटनादत्त हक्क मिळाला. आठ वर्षांत घडलेले हे स्थित्यंतर आमच्या तरुण वाचकांना कुणी सांगत नाही, म्हणून येथे मुद्दाम नमूद करतो.

योगायोग असा, की लोकसभेत प्रश्नाला धार आणणाऱ्यांपैकी दोघांचे नाते गोव्याशी आहे. १८ जून १९४६ रोजी मडगावात जमावबंदी झुगारणारे डॉ. राममनोहर लोहिया १९६३ साली पोटनिवडणुकीत निवडून लोकसभेत आले आणि आल्याआल्याच त्यांनी साधा दिसणारा प्रश्न टाकला: या देशातील बहुसंख्य माणसाची दिवसाची मिळकत किती? त्यांचे म्हणणे तीन आणे. पंडित नेहरूंचे म्हणणे पंधरा आणे. त्या वादाने नियोजनाच्या भरगच्च ग्रंथांतून हरवलेला माणूस सभागृहात आणून उभा केला. दुसरे मधू लिमये. १९५५ च्या सत्याग्रहात पोर्तुगीजांनी त्यांना बारा वर्षांची शिक्षा ठोठावली होती. १९६४ मध्ये ते मुंगेरहून लोकसभेत गेले आणि पुढे त्यांनी कामकाजाच्या नियमांचे पुस्तक असे काही आत्मसात केले, की ते उभे राहिले म्हणजे मंत्र्यांना घाम फुटे. आरडाओरड हे त्यांचे हत्यार नव्हते. नियम, तारीख आणि मंत्र्याने पूर्वी दिलेले उत्तर, या तीन गोष्टी त्यांच्या हाती असत.

आणि प्रश्न विचारणे हे केवळ विरोधकांचे काम, अशी जी समजूत आपल्याकडे रुजली आहे, तिला मुंदडा प्रकरणाइतके चोख उत्तर नाही. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवली. पॉलिसीधारकांचा हा पैसा होता. सुरुवातीला मिळालेली उत्तरे टोलवाटोलवीची होती. पण सत्तारूढ पक्षाचेच खासदार, आणि पंतप्रधानांचे जावई, फिरोज गांधी यांनी पिच्छा सोडला नाही. डिसेंबर १९५७ मधील त्यांच्या भाषणानंतर न्यायमूर्ती छागला यांची चौकशी नेमावी लागली. ती मुंबईत उघड्यावर, लोकांसमक्ष झाली. व्यवहार सचिवाने केला असला तरी घटनेच्या दृष्टीने जबाबदारी मंत्र्याचीच, असा निर्वाळा छागलांनी दिला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पद सोडावे लागले.

हे आठवले की आमच्या विधानसभेतील बाकांकडे पाहणे कठीण होते. जुलै २०१९ मध्ये विरोधी बाकांवरील दहा आमदार एका रात्रीत सत्ताधारी झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये आणखी आठ तिकडे गेले आणि चाळीस जणांच्या सभागृहात विरोधक म्हणून सात उरले. पक्षांतराच्या नीतीबद्दल आम्ही पूर्वी पुष्कळ लिहिले आहे, त्याची उजळणी येथे नको. आमचा मुद्दा हिशेबाचा आहे. बाक बदलणाऱ्या आमदाराने ज्या खात्यांना पूर्वी प्रश्न विचारले होते, ती खाती तीच राहिली, कंत्राटे तीच राहिली, खड्डेही जागचे हलले नाहीत. मग प्रश्न तेवढे कुठे गेले? मतदारसंघाच्या वतीने विचारलेला प्रश्न आमदाराच्या खासगी मालकीचा कधीपासून झाला? सत्ताधारी बाकावरूनही प्रश्न विचारता येतो. नियमांत आडकाठी नाही. आडकाठी आहे ती मनात, आणि मंडळाचे अध्यक्षपद मिळण्याच्या आशेत.

सभागृहात उत्तर देण्याची रीतही पाहण्यासारखी झाली आहे. कला अकादमीच्या नूतनीकरणाचे सुमारे पन्नास कोटींचे काम निविदेविना दिल्याबद्दल २०२२ मध्ये विचारणा झाली, तेव्हा शहाजहानने ताजमहालासाठी दरपत्रके मागवली नव्हती, अशा अर्थाचे उत्तर मंत्रिमहोदयांकडून मिळाले. विनोद म्हणून ते खपून गेले असते. पण शहाजहान लोकांना उत्तर देण्यास बांधील नव्हता आणि मंत्री आहेत, हा भेद घटनेच्या १६४ व्या कलमात स्पष्ट लिहून ठेवला आहे. पुढे जुलै २०२३ मध्ये त्याच वास्तूतील खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. रात्रीची वेळ होती, माणसे नव्हती, हे गोमंतकीय रसिकांचे नशीब. चार्ल्स कुरैया यांच्या त्या वास्तूत ज्यांनी नाट्यस्पर्धेच्या रात्री जागवल्या आहेत, त्यांना त्या दिवशी काय वाटले, ते विधानसभेच्या कुठल्याच यादीत सापडणार नाही.

वेळीच न मिळालेल्या उत्तराची किंमत काय असते, हे आमच्या खाणपट्ट्याला विचारावे. बेकायदा उत्खननाचा प्रश्न एका रात्रीत उपटला नव्हता. २०११ मध्ये मनोहर पर्रीकर यांच्या अध्यक्षतेखालील लोकलेखा समितीने त्यावर अहवाल तयार केला होता. पण तो वादात सापडला. पुढे ७ सप्टेंबर २०१२ रोजी न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला, त्यात सुमारे ३५ हजार कोटींच्या नुकसानीचा अंदाज होता. त्या आकड्यावर मतभेद झाले आणि होत राहतील. परंतु तीनच दिवसांत राज्य सरकारने उत्खनन थांबवले, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि डिचोली, सत्तरी, सांगेतील ट्रकमालक, बार्जवाले, गॅरेजवाले, भुसारी दुकानदार एका फटक्यात रस्त्यावर आले. यांतील बहुतेकांनी कसलाही कायदा मोडला नव्हता. बँकेचे कर्ज तेवढे काढले होते. सभागृहात त्याआधीची दहा वर्षे खाते खरी उत्तरे देत गेले असते, तर दुखणे शस्त्रक्रियेवर गेले नसते, असे आमचे मत आहे.

माहितीचा अधिकार आला, आता आमदाराच्या प्रश्नाची काय मातब्बरी, असे काही जण म्हणतात. गोव्याने तो कायदा देशाच्या आधी, १९९७ सालीच केला, याचा आम्हाला अभिमान आहे. पण अर्जदाराला मिळतो तो कागद. कागदाला उलट प्रश्न करता येत नाही, त्याची चुळबुळ दिसत नाही. सभागृहात मंत्री समोर उभा असतो आणि खरी परीक्षा पुरवणी प्रश्नाचीच असते. त्यासाठी उत्तर आदल्या दिवशी तरी सभासदाच्या हाती पडायला हवे. शे-दीडशे पानांचे परिशिष्ट ऐनवेळी हाती देणे, हा उत्तर न देण्याचाच एक सभ्य प्रकार होय. शिवाय गोंधळात तास वाया जातो, तो वेगळाच. लोकसभेत २७ नोव्हेंबर २०१९ रोजी यादीतील वीसही तारांकित प्रश्न तोंडी पुरे झाले, तर ती १९७२ नंतरची पहिलीच वेळ म्हणून बातमी झाली! सप्टेंबर २०२० मध्ये तर महामारीचे निमित्त सांगून संसदेने तो तासच गाळला. १९६२ च्या चिनी आक्रमणात आणि १९७५ च्या आणीबाणीत तो गाळला गेला होता. त्या रांगेत २०२० बसावे, हे भूषणावह नाही.

मंत्र्याने सभागृहात ‘पाहतो’, ‘करतो’, ‘चौकशी करतो’ म्हटले की ते आश्वासन ठरते, आणि त्याचा पाठपुरावा करण्यासाठी लोकसभेने दादासाहेब मावळंकरांच्या कारकिर्दीत, १९५३ साली, स्वतंत्र समिती नेमली. आमच्या विधानसभेतही तशी समिती आहे. तिचे काम लोकांपर्यंत पोहोचत नाही. तेव्हा आमची मागणी लहान आहे. प्रत्येक अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी, मागील अधिवेशनात ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे उत्तर मिळालेल्या प्रश्नांची यादी पटलावर ठेवावी. किती माहिती गोळा झाली आणि ती कुणाकडे आहे, ते पुढच्या रकान्यात लिहावे. ही यादी केवळ इंग्रजीत नको, मराठीत आणि कोकणीतही हवी, म्हणजे वाळपईच्या शेतकऱ्याला ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागणार नाही. विधानसभा सचिवालयाने ती आमच्याकडे धाडल्यास आम्ही ती विनामूल्य छापू. एका अंकात मावली नाही, तर पुरवणी काढण्याचीही आमची तयारी आहे.