फ्री किक आणि चेंडूची शिवण

फ्री किक मारलेला फुटबॉल हवेत वळतो तो स्वतःभोवती गिरक्या घेत असल्यामुळे. चेंडूचा व्यास साधारण २२ सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम. आकाराच्या मानाने तो हलकाच, म्हणून हवेचा त्याच्यावर जोर चालतो. फिरणाऱ्या चेंडूची एक बाजू समोरून येणाऱ्या हवेच्या दिशेनेच सरकत असते, तर दुसरी तिच्या विरुद्ध. पहिल्या बाजूने हवा चेंडूला बिलगून बरीच मागपर्यंत जाते, दुसऱ्या बाजूला ती लवकर सुटते. परिणामी चेंडूमागची हवा एकीकडे फेकली जाते आणि चेंडू दुसरीकडे ढकलला जातो. टेनिसचा चेंडू असा वळतो, याची नोंद न्यूटनने १६७२ मध्येच केली होती. नाव मात्र पडले ते बर्लिनचे भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख माग्नुस यांचे. तोफगोळे का भरकटतात, याचा शोध त्यांनी १८५० च्या दशकात प्रयोग करून घेतला.

या माग्नुस परिणामाचे सर्वांत गाजलेले उदाहरण ३ जून १९९७ चे. लिआँच्या जेरलाँ मैदानावर फ्रान्सविरुद्ध ब्राझीलच्या रोबेर्तो कार्लोसने सुमारे ३५ मीटरवरून डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने फ्री किक मारली. चेंडू बचावपटूंच्या भिंतीच्या उजवीकडून इतका बाहेर गेला की गोलच्या बाजूला उभ्या असलेल्या बॉलबॉयने डोके खाली घातले. मग तो डावीकडे वळला आणि खांबाला आतून लागून जाळ्यात शिरला. गोलरक्षक फाबियाँ बार्तेझ जागचा हललाही नाही.

नुसते वळण सांगून हा गोल पुरता उलगडत नाही. चेंडू वळला खरा, पण बहुतेक वळण शेवटच्या टप्प्यात आले. ते का, हे २०१० मध्ये पॅरिसजवळच्या एकोल पॉलिटेक्निकशी संबंधित संशोधकांनी दाखवून दिले. त्यांनी छोटे गोळे फिरकी देऊन पाण्यात सोडले आणि त्यांचा मार्ग टिपला. गोळ्याचा वेग पाण्याच्या रोधाने झपाट्याने घटतो, गिरक्या मात्र जवळजवळ तेवढ्याच राहतात. वळणाची त्रिज्या वेगाच्या प्रमाणात असते, त्यामुळे वेग निम्मा झाला की त्रिज्याही निम्मी होते. मार्ग गोगलगायीच्या शंखासारखा आत आत वळत जातो. हवेत हेच घडायला लांबचे अंतर लागते. वीस मीटरवरून मारलेला चेंडू हा आकार घेण्याआधीच गोलपाशी पोहोचतो. ३५ मीटरवरून, तेही ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने मारलेल्या चेंडूला तेवढी वाट मिळाली. त्या गोलला नशिबाचा म्हणणाऱ्यांनी हे संशोधन जरूर वाचावे.

याच जेरलाँवर पुढे लिआँकडून खेळलेल्या जुनिन्योने उलट वाट धरली. त्याची फ्री किक फिरकीशिवाय येई आणि हवेत डगमगत जाई. फिरकी नसलेल्या चेंडूवरून हवा कुठे सुटणार, हे त्या क्षणी समोर आलेल्या शिवणींवर अवलंबून असते. चेंडू किंचित फिरला की सुटण्याची जागा बदलते आणि बाजूचा जोरही बदलतो. असा चेंडू गोलरक्षकाला फार अवघड जातो, कारण पुढच्या क्षणी तो कुठे असेल याचा अंदाजच बांधता येत नाही.

म्हणूनच चेंडूच्या शिवणीला महत्त्व आहे. गुळगुळीत गोळ्यावरून हवा लवकर सुटते. पृष्ठभाग खडबडीत असेल तर कमी वेगालाही हवेच्या लगतच्या थरात खळबळ माजते, तो थर अधिक काळ चिकटून राहतो आणि रोध अचानक घटतो. हा बदल ज्या वेगाच्या आसपास होतो, तिथेच डगमगणे सर्वाधिक असते. १९७० च्या विश्वचषकातील टेलस्टार या चेंडूमध्ये १२ काळे पंचकोन आणि २० पांढरे षट्कोन होते, म्हणजे भरपूर शिवणी. २०१० च्या दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकासाठी केलेल्या जाबुलानीचे तुकडे फक्त आठ आणि शिवणींची एकूण लांबी जेमतेम दोन मीटर. गोलरक्षकांनी त्याविरुद्ध तक्रारींचा सूर लावला, आणि त्यांचे म्हणणे खरेच होते. नासाच्या एम्स केंद्रातील रवींद्र मेहता यांच्या चाचण्यांत जुन्या घडणीचा चेंडू ताशी पन्नासेक किलोमीटरला सर्वाधिक डगमगत होता, जाबुलानी मात्र ८० च्या पुढे. नेहमीच्या फ्री किकचा वेग साधारण तिथेच असतो. हेच मेहता क्रिकेटच्या चेंडूच्या स्विंगवरील संशोधनासाठीही ओळखले जातात. तिथेही प्रश्न शिवणीचाच.

२०१४ च्या ब्राझुकाचे तुकडे आणखी कमी, सहाच. पण शिवणी खोल आणि एकूण सव्वातीन मीटर लांब, त्यामुळे चेंडू पुन्हा सरळमार्गी झाला. २०२६ च्या ट्रायोंडाचे तर चारच तुकडे आहेत. तिथे शिवणी मुद्दाम खोल ठेवल्या असून तुकड्यांवरही खाचा कोरल्या आहेत.