टाकीपासून नोझलपर्यंत

१९९४ च्या पावसाळ्यात पिंपळगाव बसवंतच्या एका गॅरेजात मी कामाला लागलो. पहिल्या दिवशी उस्तादांनी हातात पाना दिला नाही. मला पिकअपखाली झोपवलं आणि म्हणाले, "आधी डिझेलचा रस्ता पाठ कर." टाकी, तिच्यातली जाळी, फीड पंप, फिल्टर, मोठा पंप, तिथून चार नळ्या चार नोझलना, आणि उरलेलं डिझेल परत टाकीत. आज तीस वर्षांनी मागे बघताना वाटतं, या रस्त्यावरची प्रत्येक वस्तू बदलली, रस्ता मात्र तोच आहे.

तेव्हाचं नेहमीचं दुखणं म्हणजे गाडीनं एअर धरणं. रात्री बाजार समितीच्या आवारात टोमॅटोचे क्रेट भरून झाले की सेल्फ मारत बसायचं, आणि इंजिन काही पकडायचं नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, फेस जाऊन सलग धार लागली की स्क्रू आवळायचा. तरी नाही जमलं तर नोझलचे नट सैल करून सेल्फ मारायचा. हवा आत यायची ती बहुधा दबलेल्या तांब्याच्या वॉशरमधून किंवा कडक होऊन चिरलेल्या रबरी पाइपातून. गंमत अशी की तिथून डिझेल गळताना दिसायचंच असं नाही. फीड पंपाच्या अलीकडे ओढ असते, दाब नसतो. म्हणून डिझेल बाहेर न येता हवा आत जाते. हे कळायला मला वर्ष लागलं. मग उस्तादांनी पारदर्शक नळीचा तुकडा मध्ये जोडून बुडबुडे दाखवले, ते अजून डोळ्यांसमोर आहेत.

पंप आणि नोझल आम्ही उघडत नसू. ते नाशिकला लॅबमध्ये जायचे. नोझल बनतात ते शहरही नाशिकच. सातपूरच्या त्या कारखान्याचं नाव २००८ मध्ये मायकोचं बॉश झालं, पण लोक अजून मायको सर्कलच म्हणतात. पंपातला प्लंजर आणि त्याचं घर यांत काही मायक्रॉनचीच फट असते. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड. त्या फटीला वंगण मिळतं ते डिझेलचंच, वेगळं ऑइल नाही. म्हणूनच रॉकेलची भेसळ पंप खाऊन टाकायची. रॉकेल पातळ, त्याला वंगण कमी. त्या काळी झिजलेले प्लंजर लॅबमध्ये नेहमी बघायला मिळत. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनभेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. मनमाड आमच्यापासून फार लांब नाही. त्यानंतर झिजलेला प्लंजर हातात आला की तो मला नुसता सुटा भाग वाटला नाही.

पुढची दहा वर्षं वेगानं गेली. एप्रिल २०१७ मध्ये देशभर बीएस-४ आलं, एप्रिल २०२० मध्ये बीएस-६. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० वर आणि मग १० वर आलं. पिकअपमध्येही कॉमन रेल आली. जुनं नोझल दीडशे-दोनशे बारला उघडायचं. इथे रेलमध्ये दीड हजार बारच्या पुढचा दाब. नट सैल करून एअर काढायची सवय या इंजिनावर जीवघेणी आहे. ती धार कातडी भेदून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि आत मांस सडतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे पहिल्याच दिवशी सांगतो.

स्कॅनर आला आणि मीही त्याच्या भरवशावर राहिलो. २०१८ मध्ये एक पिकअप आली. भिवंडीहून माल भरून कसारा घाट चढताना दम सोडायची, बंद पडायची. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. स्कॅनरवर कोड होता, रेलचा दाब कमी. मी हाय प्रेशर पंप बदलायला सांगितला. मालकाने हंगामाचे आलेले पैसे त्यात घातले. तिसऱ्या रात्री त्याच घाटातून त्याचा फोन आला.

तेव्हा मी उस्तादांचा जुना उपाय केला: डबा लावला. पाच लिटरचा स्वच्छ डबा केबिनमागे उंच बांधला, येणारा आणि परतीचा दोन्ही पाइप त्यात सोडले, आणि टाकी बाजूला काढली. गाडी भरल्या मालानिशी घाट सरळ चढली. टाकी उतरवली तर आत कॅनच्या झाकणाखालचं चंदेरी सील तरंगत होतं. चढावर इंजिन जास्त डिझेल ओढे, तेव्हा ते जाळीला जाऊन चिकटे. इंजिन बंद झालं की ओढ संपे आणि ते सुटून वर येई. दहा मिनिटांच्या विश्रांतीचं कारण एवढंच होतं. कोड खोटा नव्हता. दाब कमी होताच. तो का कमी आहे, ते मी शोधलं नव्हतं. बसवलेला पंप परत घेत नाहीत. त्याचे पैसे मी दोन हंगामांत फेडले.

तेव्हापासून क्रम ठरला आहे. टाकीचं झाकण सैल करून बघायचं; त्याचं हवेचं भोक बुजलं असेल तर आत हवा ओढल्याचा आवाज येतो. मग फिल्टर. मग पारदर्शक नळी, गरज पडली तर डबा. इंजेक्टरच्या परतीच्या नळ्यांना चार छोट्या बाटल्या लावायच्या. जिची पातळी लवकर चढेल, तो इंजेक्टर संशयित. पंपाला हात सगळ्यात शेवटी. हे सगळं करायला एक दुपार जाते, आणि वाट बघणारा ड्रायव्हर वैतागतो, कारण माल नाशवंत असतो. तरी मी घाई करत नाही.

जून लागला की प्रत्येक गाडीच्या फिल्टरखालचा ड्रेन सोडून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढतो आणि बाटली ओट्यावर ठेवतो. चहा होईपर्यंत पाणी खाली बसतं, वर डिझेल राहतं. परवा एका तरुण ड्रायव्हरने ती रेघ बघितली आणि विचारलं, "काका, हे माझ्या टाकीतून निघालं?" मी बाटली त्याच्याच हातात दिली.